पवार, द. : संदर्भसूचीतील लेखकनामांविषयी

गतवर्षी आमच्या मराठी विभागाने घेतलेल्या चर्चासत्रातील निबंध पुस्तकरूपाने काढावयाचे ठरले, आणि त्याची अक्षरजुळणी बाहेर न देता आम्ही तिघा सहकाऱ्यांनी स्वतःच करण्याचे धाडस केले. आमचे शिक्षण एम. ए. मराठीचे, संगणकाशी संबंध गुणपत्रके भरण्यापुरता आणि प्रश्नपत्रिका टंकित करण्यापुरता. तथापि संदर्भसूचीच्या बाबतीत अक्षरजुळणी करणाऱ्यांकडून आलेले अनुभव असे होते, की एकदा हे काम आपल्याच हाताने करून पाहावे असे वाटू लागले. गणित विभागातील एका सहकाऱ्याने 'लाटेक' नावाची पद्धत शिकवली. तीत लेखकाने ग्रंथांच्या नोंदी एका वेगळ्या फाइलमध्ये भरून ठेवायच्या; मजकुरात कोठे कोणता संदर्भ आला हे खुणेने सांगायचे; आणि कंसातील निर्देश, शेवटची सूची, तिचा अकारविल्हे क्रम हे सर्व यंत्राने आपोआप तयार करायचे. लेखकाचे नाव पूर्ण भरले, की 'आडनाव, आद्याक्षरे' असा संक्षेपही यंत्रच करते.

पहिले मुद्रित हाती आले तेव्हा सूचीत पुढील ओळी होत्या : 'अत्रे, प्. के.', 'पेंडसे, श्. ना.', 'खानोलकर, चिं. त्.', 'तुकाराम, सं.', 'महाराज, ज्.' आणि 'पवार, द.'.

पहिल्या पाचांना आम्ही पोटभर हसलो. सहावीला कोणी हसले नाही, कारण तीत हसण्याजोगे काही दिसतच नव्हते. ती अगदी नियमानुसार, नेटकी, निर्दोष ओळ होती. तीच सर्वांत अधिक चुकीची आहे हे ध्यानात यायला आम्हांला दोन दिवस लागले. प्रस्तुत लेख त्या दोन दिवसांत झालेल्या वादावादीतून निघाला आहे.

आधी हास्यास्पद चुकांचे पाहू. संदर्भ जुळवणाऱ्या या यंत्रणेचे मूळ 'बिबटेक' या ओरेन पाटाश्निक यांनी १९८५ साली केलेल्या कार्यक्रमात आहे. त्याच्या दृष्टीने माणसाच्या नावाचे चार भाग असतात : पहिले नाव, बेथोव्हेनच्या नावातील 'व्हान'सारखे उपपद, आडनाव आणि 'ज्युनिअर'सारखी पुरवणी. मध्ये स्वल्पविराम नसेल तर शेवटचा शब्द आडनाव समजायचे, हा त्याचा साधा हिशेब. युरोपीय नावांना तो बहुतांशी पुरतो. आपण 'संत तुकाराम' असे भरले, की 'तुकाराम' हे आडनाव होते आणि 'संत' हे पाळण्यातले नाव. त्याचा संक्षेप 'सं.'. 'ज्ञानेश्वर महाराज' असे भरले, की 'महाराज' घराण्यातील ज्ञानेश्वर नावाचे एक गृहस्थ तयार होतात. आमच्या सूचीत त्यांच्यापासून थोड्याच अंतरावर 'संत, इं.' ही नोंद होती आणि ती मात्र बरोबर होती, कारण इंदिरा संत यांचे आडनाव खरोखरच संत आहे. यंत्राला हा फरक कळावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तो भरणाऱ्याला कळायला हवा.

जोडाक्षरांची गोष्ट याहून वेगळी. शाळेत आपण शिकतो की 'प्र' हे एक अक्षर. संगणक मात्र ते प, हलन्ताची खूण आणि र अशा तीन तुकड्यांत साठवतो. 'पहिले अक्षर घे' असे सांगितले, की आमच्याकडील कार्यक्रम हलन्तापाशी थांबे. म्हणून 'चिंतामण'चे 'चिं.' व्यवस्थित, कारण तेथे व्यंजनावर केवळ वेलांटी आणि अनुस्वार आहे. 'त्र्यंबक'चे मात्र 'त्.'. युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत (२०२३) देवनागरीतील जोडाक्षर तोडू नये असा नियम आला. परंतु नियम होणे आणि तो प्रत्येक यंत्रात उतरणे यांत अंतर असते, हे विद्यापीठीय परिपत्रकांच्या सान्निध्यात आयुष्य घालवणाऱ्यांना सांगायला नको. बिबटेकच्या मूळ रूपात तर याहून वाईट अवस्था होती : देवनागरीचे एकेक चिन्ह तीन-तीन बाइटांत साठवलेले असते आणि तो कार्यक्रम बाइट मोजतो, त्यामुळे आद्याक्षराच्या जागी अक्षराचा एक निरर्थक तुकडाच उरतो. श्री. के. क्षीरसागर यांच्यावर दुहेरी आपत्ती ओढवली. त्यांचे 'श्री.' तुटले, शिवाय 'क्ष' म्हणजे क आणि ष असा हिशेब झाल्यामुळे ते कोल्हटकरांच्या मागोमाग क या अक्षराखाली जाऊन बसले. आपण वर्णमालेच्या शेवटी म्हणत आलेला 'क्ष' यंत्राच्या गावी नव्हता.

हे सारे दोष तांत्रिक आहेत आणि तांत्रिक उपायांनी सुटतात. आमचा मुद्दा याच्या पलीकडचा आहे. समजा, जोडाक्षरे बिनचूक तुटू लागली, संतांना कोणी आडनावे चिकटवली नाहीत, तरी 'आडनाव आणि आद्याक्षरे' हा साचा मराठी वाङ्मयाच्या अभ्यासाला पुरतो का? आमचे मत असे, की तो पुरत नाही. लेखकाचे नाव सूचीत कोणत्या रूपात छापायचे हा समीक्षेचा निर्णय आहे. आपण तो यंत्राच्या आणि विहित नमुन्याच्या स्वाधीन करून मोकळे झालो आहोत.

मराठीत आद्याक्षरे हा नावाचा संक्षेप नसून अनेकदा तेच नाव असते. पु. ल., वि. स., चिं. वि., गो. नी. ही काही लेखकांची लघुरूपे नव्हेत. वाचक त्यांना याच नावांनी ओळखतात, त्यांच्याविषयी बोलताना 'पुलं', 'गोनीदा' असे शब्द घडवतात. भार आद्याक्षरांवर असतो, आडनाव मागून येते. समीक्षेत तर हे अधिकच खरे. वा. ल., गो. म., व. दि., द. भि. हे चौघेही कुलकर्णी. मराठी समीक्षेवरील एखाद्या निबंधात चौघांचाही आधार घेतला जाणे अगदी स्वाभाविक आहे. एपीए शैलीच्या नमुन्यात कंसातील निर्देश '(कुलकर्णी, अमुक साल)' असा येतो, आणि वाचकाने सालावरून समीक्षक ओळखायचा. वर्गात आपण 'वालंचे म्हणणे', 'दभिंचा आक्षेप' असे बोलतो आणि लिहिताना मात्र चौघांना एका आडनावाच्या गोणीत भरतो. यंत्रात अशा वेळी आद्याक्षरे जोडून भेद दाखवण्याची सोय आहे, नाही असे नाही. पण ती गोंधळ झाला तरच जागी होते. निबंधात एकटेच कुलकर्णी असतील तर पुन्हा नुसते 'कुलकर्णी'.

आणि पाचवे कुलकर्णी? गुरुनाथ आबाजी कुलकर्णी असे पूर्ण नाव भरले तर कोणतेही यंत्र, कितीही सुधारलेले असो, 'गु. आ. कुलकर्णी' असे छापेल. मराठी कथेच्या वाचकाला हे गृहस्थ ठाऊक नाहीत. त्याला ठाऊक आहेत ते जी. ए. म्हणजे इंग्रजी आद्याक्षरे, देवनागरीत उतरवलेली. हे रूप कोणत्याही नियमाने गुरुनाथ आबाजीपासून काढता येत नाही. ते लेखकाने स्वीकारले आणि त्यालाच मान देणे भाग आहे. आमच्यापैकी एकाने सूचीत 'कुलकर्णी, गु. आ.' असे छापून पाहिले आणि दुसऱ्याला विचारले, हा कोण? त्याने प्रामाणिकपणे उत्तर दिले, 'आपल्या विद्यापीठातला का?'

लेखिकांच्या बाबतीत हाच साचा उलट्या बाजूने अन्याय करतो. पुरुषांना आद्याक्षरांनी ओळखण्याची आपली रीत लेखिकांना सहसा लागू झाली नाही. दुर्गा भागवत, शांता शेळके, इरावती कर्वे ही नावे पूर्णच लिहिली आणि बोलली गेली. (असे का झाले, याचा स्वतंत्र विचार कोणीतरी करायला हवा. आद्याक्षरांत वडिलांचे किंवा पतीचे नाव येते आणि लेखिकांनी ते बाजूला ठेवले, असे एक कारण असू शकेल. स्त्रीने लिहिले आहे ही गोष्ट वाचकाला नावातूनच कळली पाहिजे ही अपेक्षा, हे दुसरे.) एपीएच्या साच्यात त्यांचे 'भागवत, दु.', 'शेळके, शां.' असे होते. स्त्री-शिक्षणावरील निबंधात 'कर्वे, धों. के.', 'कर्वे, र. धों.' आणि 'कर्वे, इ.' या तीन ओळी एकाखाली एक आल्या, तर त्यांपैकी एक सासरे, एक दीर आणि एक 'युगान्त'ची लेखिका आहे हे नवख्या विद्यार्थ्याला कशावरून कळावे? एमएलए शैली पहिले नाव पूर्ण ठेवते, म्हणून वाङ्मयाच्या अभ्यासकाने ती पसंत करावी हे ठीक. पण तीच शैली यांत्रिकपणे लावली की पु. ल. हे 'देशपांडे, पुरुषोत्तम लक्ष्मण' होतात. विश्वकोशाला हे रूप शोभते, कारण तेथे त्या माणसाची माहिती द्यायची असते. 'व्यक्ती आणि वल्ली'च्या मुखपृष्ठावर मात्र पु. ल. देशपांडे आहेत. येथे कोणताच एक नियम सर्वांना पुरत नाही. प्रत्येक नावाचा स्वतंत्र निर्णय करावा लागतो, आणि हेच आम्ही टाळत आलो.

टोपणनावांपाशी तर हा प्रश्न थेट समीक्षेचाच होतो. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने लिहिली, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेखन बाळकराम या नावाने. 'वाग्वैजयंती' ही सूचीत कोणाच्या नावे लावायची? वि. वा. शिरवाडकरांचे तसेच : 'नटसम्राट' त्यांचे, 'विशाखा' कुसुमाग्रजांची. विहित नमुन्याचा आग्रह 'खऱ्या' नावाचा असतो. पण गोविंदाग्रज खोटे कशावरून? कवीने आपल्या कवितेपुरते घडवलेले ते व्यक्तित्व आहे, आणि कवितेच्या अभ्यासात तेच खरे. केशवसुतांचे उदाहरण आम्हांला विशेष बोलके वाटते. कृष्णाजी केशव दामले यांच्या नावाचे यंत्र तीन तुकडे करते, त्यांतला मधला, म्हणजे वडिलांच्या नावाचा तुकडा, त्याच्या लेखी 'पहिल्या नावाचाच उरलेला भाग' असतो. कवीने नेमका तोच तुकडा उचलून त्यातून आपले नाव केले. 'दामले, कृ. के.' असे छापले की ते नाव जन्मण्यापूर्वीच्या अवस्थेत परत जाते. व्याकरणकार मोरो केशव दामले हे त्यांचे धाकटे बंधू. शब्दार्थाने पाहिले तर तेही केशवसुतच. सूचीत 'दामले, कृ. के.' आणि 'दामले, मो. के.' शेजारी आले, की त्या दोघांतला कवी कोणता हे सांगायला पुन्हा कंस घालावा लागतो.

येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रबंध छाननीच्या पातळीवरून परत आला. शेरा होता : संदर्भसूची विहित नमुन्यात नाही; टोपणनावाऐवजी लेखकाचे मूळ नाव व आडनाव द्यावे. तिने 'विभावरी शिरूरकर, कळ्यांचे निःश्वास, १९३३' अशी नोंद केली होती. मुदत संपत आली होती, शिष्यवृत्तीचा शेवटचा हप्ता अडकला होता. आम्ही तिला सांगितले, वाद घालू नकोस, बदलून टाक. तिने बदलले. आता ग्रंथालयात असलेल्या त्या प्रबंधात 'बेडेकर, मा. (१९३३)' असे आहे.

या ओळीत किती चुका आहेत ते पाहावे. १९३३ साली मालती बेडेकर या नावाची कोणी लेखिका नव्हती. बाळूताई खरे होत्या. विश्राम बेडेकरांशी त्यांचा विवाह झाला तो १९३८ साली. 'कळ्यांचे निःश्वास' प्रसिद्ध झाले तेव्हा ही विभावरी शिरूरकर कोण, या प्रश्नानेच महाराष्ट्र ढवळून निघाला होता. शिकलेल्या, अविवाहित स्त्रियांच्या मनाविषयी इतके उघड लिहिणारी व्यक्ती आपले नाव झाकून लिहिते, ही त्या पुस्तकाच्या अर्थाचाच भाग असलेली घटना आहे. विद्यार्थिनीच्या प्रबंधातील एक संपूर्ण प्रकरण या नावाच्या आडोशाविषयी होते. आणि सूचीत तो आडोसा काढून, लेखिकेच्या अंगावर पाच वर्षांनंतरचे सासरचे आडनाव घालून, वर पहिल्या नावाचेही एकच अक्षर आम्ही शिल्लक ठेवले. प्रकरण एक सांगत होते आणि सूची दुसरेच. परीक्षकांच्या ते ध्यानात आले नाही. मार्गदर्शक म्हणून आमच्या आले होते, आणि तरी आम्ही सही केली.

आता 'पवार, द.'कडे येऊ. 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनाचे लेखक दया पवार; त्यांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. ज्यांनी 'बलुतं' वाचले आहे त्यांना सांगायला नको, की पुस्तकात ही दोन नावे समोरासमोर उभी आहेत. दगडू आपली कहाणी दयाला सांगतो. गावकुसाबाहेर वाढलेला दगडू आणि शिकून-सवरून शहरात लेखक झालेला दया, एकाच देहातली ही दोन माणसे आहेत, आणि त्यांच्यामधल्या अंतरावर सगळे निवेदन उभे आहे. 'दगडू' हे नाव कसे पडते, कोणत्या समाजात मुलांची अशी नावे ठेवली जातात, आणि ते टाकून 'दया' होताना काय काय टाकावे लागते, हा प्रश्न त्या पुस्तकापासून वेगळा काढता येत नाही.

दगडूचे आद्याक्षर द. दयाचेही द. यंत्राने दोघांना 'पवार, द.' या एका ओळीत मिटवून टाकले, आणि त्यात कोठेही हलन्त दिसला नाही, अक्षर तुटले नाही, क्रम चुकला नाही. दगडूही गेला आणि दयाही गेला. उरले एक आडनाव आणि त्याला लटकलेले एक अक्षर. दलित साहित्यावरील किती शोधनिबंधांत ही ओळ आहे याची मोजदाद आम्ही केलेली नाही. आमच्या स्वतःच्या जुन्या निबंधांत ती दोन ठिकाणी सापडली.

यावर घेतले जाणारे आक्षेप आम्हांला माहीत आहेत. पहिला एकरूपतेचा. प्रत्येकाने आपल्या मर्जीने नावे छापली तर सूचीचा उपयोग काय? ग्रंथ शोधणाऱ्याला एका ठिकाणी एका लेखकाची सर्व पुस्तके मिळायला हवीत. हा आक्षेप खरा आहे आणि ग्रंथालयशास्त्राने त्यावर आपल्यापेक्षा कितीतरी अधिक विचार केला आहे. स्वतः एस. आर. रंगनाथन यांचेच नाव घ्या. शियाळी हे गाव, रामामृत हे वडील आणि रंगनाथन हे त्यांचे स्वतःचे नाव. म्हणजे 'रंगनाथन, एस. आर.' ही ओळ जगभर आडनावाच्या नियमाने छापली जाते, पण तिच्यात आडनाव कोठेच नाही. सूचीकरणाची संहिता लिहिणाऱ्या माणसाला हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? शोधण्यासाठी लागणारे रूप आणि लेखकाचे नाव या दोन गोष्टी आहेत, एवढेच यातून दिसते. पहिल्यासाठी दुसरीचा बळी देण्याचे कारण नाही. सूचीचा क्रम आडनावाने लावा, आमची हरकत नाही. मराठी ग्रंथांच्या शेवटी तसा क्रम लावण्याची रीत जुनीच आहे. छापताना मात्र ग्रंथाच्या नामपृष्ठावर जे नाव आहे ते छापा. आणि एका लेखकाची दोन नावे असतील तर 'पाहा' अशी नोंद घाला, जशी जुन्या सूचिकारांनी हाताने घातली.

दुसरा आक्षेप असा, की हे नमुने आंतरराष्ट्रीय आहेत आणि आपण त्यांत ढवळाढवळ करू शकत नाही. हा आक्षेप घेणाऱ्यांनी त्या शैलीपुस्तिका बहुधा उघडलेल्या नसतात. टोपणनावाने प्रसिद्ध झालेले पुस्तक टोपणनावाखाली नोंदवण्यास त्यांची मनाई नाही. एमएलए तर टोपणनाव नावासारखेच वापरू देते. 'मूळ नाव व आडनाव द्यावे' हा आग्रह आमच्याच छाननी-कक्षांत जन्मलेला आहे, आणि नमुन्याच्या नावावर खपवला जात आहे.

तिसरा आक्षेप आम्ही स्वतःच स्वतःवर घेतला होता : यंत्र ऐकणार नाही. ते खोटे ठरले. लाटेकच्या जोडीने आज वापरल्या जाणाऱ्या 'बिबलाटेक' या संचात नावाच्या मांडणीतील जवळजवळ सर्व काही बदलता येते. नाव दुहेरी महिरपी कंसात घातले की ते अखंड राहते, त्याचे तुकडे होत नाहीत. केशवसुत, ग्रेस, बी, ज्ञानेश्वर यांची सोय एवढ्याने झाली. ज्यांची आद्याक्षरे यंत्राला काढता येत नाहीत त्यांच्या नावाचे भाग सुटे सुटे भरून आद्याक्षरेही हाताने लिहिता येतात; म्हणून 'चिं. त्र्यं.' आता शाबूत आहेत आणि 'जी. ए.'ही. आडनाव आधी की नाव आधी हे एका ओळीच्या सूचनेने ठरते. क्रमासाठी एक नाव आणि छपाईसाठी दुसरे, असेही देता येते; क्षीरसागर त्यामुळे आपल्या जागी, सूचीच्या शेवटी गेले. कंसातील निर्देशासाठी लेखकाचे वेगळे लघुरूप नोंदवण्याची जागा आहे, तेथे आम्ही 'वा. ल. कुलकर्णी' असे पूर्ण लिहिले. 'पाहा' नोंदींसाठी मात्र एक छोटा प्रकार स्वतः घडवावा लागला, आणि त्यात आमच्या गणितज्ञ मित्राचा एक रविवार खर्ची पडला.

जे वर्ड वापरतात त्यांनाही मार्ग आहे. लेखकाच्या चौकटीत नाव न भरता 'संस्था-लेखक' या चौकटीत भरले, तर ते तुटत नाही. केशवसुत ही एक संस्था आहे असे यंत्राला सांगावे लागते. त्याबद्दल मराठी कवितेच्या अभ्यासकांची तक्रार असण्याचे कारण दिसत नाही. झोटेरो वापरणाऱ्यांना नावासाठी दोन खाण्यांऐवजी एकच खाणे निवडता येते. तेवढी एक कळ दाबली की 'महाराज, ज्.' नाहीसे होतात.

काम वाढते हे खरे. आमच्या पुस्तकाच्या सूचीतील प्रत्येक नावासाठी मूळ पुस्तकाचे नामपृष्ठ पाहावे लागले. काही पुस्तकांच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर वेगवेगळी नावे निघाली; काहींवर मागाहून 'महात्मा', 'लोकनेते' अशी विशेषणे चढली होती. 'बाई' आणि 'राव' यांनी तर वैताग आणला. लक्ष्मीबाई टिळकांमधील 'बाई' आदरार्थी की नावाचाच भाग? 'स्मृतिचित्रे'च्या कर्त्रीला 'टिळक, लक्ष्मी' म्हणणे कोणालाच रुचले नाही, आणि बाबूराव बागूल यांचे 'बागूल, बाबू' करण्याचा तर प्रश्नच नव्हता. पण हे पाहताना पुस्तके पुन्हा हातात घेतली गेली, आणि विद्यार्थ्यांना 'नामपृष्ठ पाहून या' असे सांगितल्यावर त्यांनी ती प्रथमच हातात घेतली. एरवी एका प्रबंधाची सूची दुसऱ्या प्रबंधात उतरते आणि 'पवार, द.' ही ओळ पुस्तक न उघडताच पिढ्यान्‌पिढ्या चालत राहते.

आमच्या पुस्तकात 'बलुतं'ची नोंद आता 'दया पवार' अशी पूर्ण आहे, प या अक्षराखाली. दगडूला सूचीत जागा द्यावी का यावर मतभेद झाले. तो पुस्तकातला आहे, पुस्तकावरचा नव्हे, असे ठरून त्याला निबंधातच राहू दिले. 'कळ्यांचे निःश्वास' विभावरी शिरूरकरांच्या नावे आहे आणि 'बेडेकर, मालती'पाशी 'विभावरी शिरूरकर पाहा' अशी ओळ. ती विद्यार्थिनी आता एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. तिला हे पान पाठवले. तिने फोनवर एवढेच विचारले, की माझ्या प्रबंधाची ग्रंथालयातली प्रत आता बदलता येईल का? बदलता येत नाही. मग शुद्धिपत्राचे एक पान छापून त्या प्रतीत चिकटवावयाचे आम्ही ठरवले आहे. ग्रंथपालांकडे तसा अर्ज केला असून तो त्यांच्या टेबलावर आहे.

एका नावावर मात्र आमचे अद्याप एकमत झालेले नाही. चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या कविता आरती प्रभू या नावाने आहेत. हे टोपणनाव, पण दिसते नाव-आडनावासारखे. आमच्यापैकी दोघांचे म्हणणे, की ते अखंड आहे, 'प्रभू' हे कोणा घराण्याचे आडनाव नव्हे, तेव्हा त्याची जागा आ या अक्षराखाली. तिसऱ्याचे म्हणणे, की कवीने नाव आडनावासारखे घडवले ते उगाच नव्हे. वाचकाने त्याला आडनाव समजावे हीच त्या नावाची खुबी आहे, तेव्हा प. पुस्तक छपाईला जायला पंधरा दिवस आहेत. तूर्त ती नोंद आ खाली आहे, आणि प खाली 'आरती प्रभू पाहा' असे छापले आहे. खानोलकरांपाशीही तेच.